मास्तरांच्या जागी घड्याळ

मास्तर गेले आणि खात्याने त्यांच्या जागी माणूस दिला नाही, घड्याळ घ्यायला सांगितलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. तलावातून शहराला पाणी आणणारी मोठी पाइपलाइन डोंगर उतरते, माळ ओलांडते, दोन-तीन ओढ्यांवरून पलीकडे जाते. तिच्यावर गस्त घालणाऱ्या जोडीतले ते एक. कुठे गळती आहे, चेंबरचं झाकण कोणी पळवलं का, व्हॉल्व्हमधून पाणी उडतंय का, हे बघत चालायचं, एवढंच काम. समोर दिसेल ती गोष्ट समजावून सांगायची खोड, म्हणून त्यांचं नाव मास्तर पडलं. जोडीतला दुसरा तो भाऊ. कोणालाच नाही म्हणत नसे, म्हणून तो सगळ्यांचा भाऊ. दोघं तरणेबांड असताना या लाइनवर आले आणि चालता चालता दोघांच्याही मिशा पिकल्या.

सुटीच्या दिवशी सकाळी दाढी करता करता मास्तर खाली बसले, ते उठलेच नाहीत. भाऊ त्यांच्या घरी गेला, दाराशी हात जोडून उभा राहिला. लोक मास्तरांच्या बायकोला धीर देत होते, मुलांच्या पाठीवरून हात फिरवत होते. भाऊला कोणी काही म्हटलं नाही. म्हणणार तरी काय? तो नात्यातला नव्हता. खात्यातल्या एकाने तेवढं बाजूला घेऊन विचारलं, "आता तुझी ड्यूटी कोणाबरोबर लागणार रे?"

भाऊ रडला नाही. दुसऱ्या दिवशी नाही आणि महिन्याभरानेही नाही. सकाळी उठायचा, बूट घालायचा, लाइनवर जायचा, यायचा, जेवायचा. एकदा बायको भाजीत मीठ घालायला विसरली. पहिला घास तोंडात घालताच तिच्या लक्षात आलं. भाऊचं ताट तोवर अर्धं रिकामं झालं होतं.

"अहो, मीठ नाहीये."

"नाहीये का?" भाऊ म्हणाला आणि उरलेलं तसंच संपवलं.

आपल्याला काहीच कसं होत नाही, याचं त्याला नवल वाटे. पण तेही फार नाही.

मग साहेबांनी बोलावलं. "भाऊ, नवी भरती बंद आहे. तुम्हाला एकट्याने फिरावं लागणार. चांगलं दणकट जीपीएसचं घड्याळ घ्या. तुम्ही कुठे आहात ते आम्हाला इथे दिसेल, पडलात-झडलात तर आपोआप निरोप येईल. पसंती तुमची, बिल खात्याचं."

"बरं," भाऊ म्हणाला.

घरी ही बातमी कळली आणि मेहुण्याच्या उत्साहाला भरतं आलं. बायकोचा हा धाकटा भाऊ विमा विकायचा, पण त्याचा सगळा जीव यंत्रांत. बाजारात नवा फोन आला की याच्या खिशात आलाच. रात्रभर बसून त्याने घड्याळांचा अभ्यास केला आणि सकाळी लाल डोळ्यांनी दारात हजर झाला. "दाजी, चला! मी सगळं बघून ठेवलंय." बायकोही निघाली. तिचं म्हणणं वेगळं होतं. "हातावर डबडं नको. लेकीच्या सासरी जाताना पण घालता आलं पाहिजे."

दुकानात आखूड केसांची एक मुलगी होती. तिच्या स्वतःच्या मनगटावर उन्हाने पट्ट्याची पांढरी खूण उमटली होती. तिने विचारलं, "काका, पळण्यासाठी हवंय की डोंगर चढण्यासाठी?"

"चालण्यासाठी."

"साधारण किती चालता?"

"पाइप असेल तितकं."

मुलीने एकापुढे एक तीन घड्याळं मांडली. पहिल्याचा पडदा असा झगझगीत, की मेहुण्याच्या तोंडून "वा!" निघून गेलं. पण ते रोज चार्ज करावं लागे आणि त्याला बटणं नव्हती, सगळं बोटाने. मुलीने बोट पाण्यात बुडवून पडद्यावर फिरवलं, पडदा ढिम्म. "तुमचे हात कामात ओले असतात का?" तिने विचारलं. भाऊने मान हलवली. बायको म्हणाली, "ओले कसले, चिखलाने बरबटलेले असतात."

दुसरं घड्याळ उन्हावर चार्ज होई. त्यात डोंगरांचे नकाशे होते, हवेचा दाब होता, आणखी बरंच काही होतं. मेहुण्याने कागद वाचायला घेतला. "दाजी, हे घालून शंभर मीटर पाण्याखाली जाता येतं!"

"मी पाण्याच्या वरून चालतो," भाऊ म्हणाला.

सगळे हसले, दुकानातली मुलगीसुद्धा. भाऊ हसला नाही. हे वाक्य त्याचं नव्हतंच. असं काही तिरकस बोलायचे ते मास्तर. आपल्या तोंडून ते कसं आलं, याचा तो जरा विचार करत राहिला, मग तेही सोडून दिलं.

ते घड्याळ होतं मात्र भलतंच जाड. शर्टाची बाही त्यावर चढेना. बायकोने नाक मुरडलं.

तिसरं दिसायला अगदीच साधं. पडदा फिका, कडेला पाच बटणं. मेहुण्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. मुलीने तिन्ही घड्याळं उचलली आणि त्यांना दुकानाबाहेर, भर उन्हात नेलं. तिथे पहिल्याचा पार आरसा झाला, त्यात भाऊला आपलंच कपाळ दिसायला लागलं. फिक्या पडद्यावरचे आकडे मात्र उन्हात काळेभोर उठून दिसत होते. "हे एकदा चार्ज केलं की आठवडा-दोन आठवडे चालतं," मुलगी म्हणाली. "आलात त्याच वाटेने परत नेतं. आणि पट्टा बदलता येतो. कामाला कापडी लावा, पाहुण्यांकडे जाताना चामडी."

आता तिघंही भाऊकडे बघू लागले.

"कोणतंही द्या," भाऊ म्हणाला.

"कोणतंही कसं देऊ, काका?" मुलगी हळूच म्हणाली. "दिवसरात्र तुमच्याच हातावर राहणार ते."

भाऊने तिसरं घड्याळ हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "चेंबरमध्ये उतरताना हात लोखंडाला घासतो. काच टिकेल?"

तिने काचेभोवतीची उंच कड दाखवली. आधी घाव कडेवर बसतो.

"आणि मी पाइपाला लोखंडी कांडी टेकवून, तिला कान लावून गळती ऐकतो. त्या वेळी हे वाजेल का?"

"गप्प बसवता येतं. हे बटण धरून ठेवा."

"मग हेच," भाऊ म्हणाला. मेहुण्याचा चेहरा पडला, पण बिलाच्या वेळी चामडी पट्टा त्यानेच मागून घेतला.

घड्याळ घालून भाऊ एकटा लाइनवर फिरू लागला. पूर्वी तो कांडीला कान लावायचा तेव्हा मास्तर चरणारी गुरं लांब हाकलायचे. आता गुरं जवळच चरत, गळ्यातल्या घंटा वाजत. भाऊ ती लांब जाईपर्यंत थांबायचा. काम चुकत नव्हतं, वेळ लागायचा इतकंच. तलावाशी पोहोचला की घड्याळ शाबासकी द्यायचं. ते झोप मोजायचं, नाडी मोजायचं, मनावरचा ताणही मोजायचं. रविवारी मेहुण्याने ते आकडे फोनवर उघडले आणि ओरडला, "ताई, बघ! दाजींचा ताण एकदम तळाला. या वयात असा माणूस मिळायचा नाही!" बायकोने आकडा बघितला. मग खिडकीशी बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

पावसाळा संपून वाटा सुकल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या ओढ्याच्या उतारावर भाऊच्या पायाखालचा दगड निसटला. तो घसरत खाली गेला आणि पाइपाच्या खांबापाशी दणकन बसला. कुठेच दुखत नव्हतं. घड्याळ मात्र थरथरायला लागलं. पडद्यावर प्रश्न आला : तुम्ही पडला आहात असं वाटतं. ठीक आहात का? खाली आकडे उलटे उतरत होते. एक बटण दाबलं की झालं असतं.

भाऊ त्या प्रश्नाकडे बघत राहिला. दाबावं की नाही, असा विचारही त्याने केला नाही. बोट उचललंच गेलं नाही. आकडे शून्यावर आले आणि निरोप गेला, साहेबांना आणि मेहुण्याने जोडून दिलेल्या बायकोच्या फोनवरही.

लगेच बायकोचा फोन. "अहो! काय झालं? कुठे लागलं?"

"लागलं नाही. घसरलो."

"मग ते बटण का नाही दाबलं? इथे माझा जीव गेला असता!"

"ते विचारत होतं, ठीक आहात का."

"मग?"

"मग काय सांगायचं ते कळेना."

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "हलू नका तिथून. मी येतेय."

मेहुण्याच्या गाडीतून ती आली, घरातल्याच चपला पायात. फोनवरच्या ठिपक्याने बरोब्बर जागेवर आणलं, म्हणून मेहुणा खूश होता. पण दाजींकडे एकदा बघून तो साहेबांना फोन लावायच्या निमित्ताने वर चढून गेला. भाऊ तोवर उठून पाइपावर बसला होता, बायको त्याच्याशेजारी बसली. पाइप उन्हाने तापला होता.

"तुम्ही दोघं इथे बसायचात?"

"हं."

"काय बोलायचे मास्तर?"

"इथे पाइप खांबावर घट्ट का बांधलेला नाही, ते सांगायचे. उन्हाने लोखंड वाढतं, त्याला सरकायला जागा लागते. दर वेळी सांगायचे. जसं काही मला माहीतच नाही."

"मग तुम्ही?"

"मी म्हणायचो, असं होय?"

त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. बायको मात्र पदराने डोळे पुसत होती. मग ती म्हणाली, "या रविवारी आपण त्यांच्याकडे जाऊन येऊ. तुम्ही त्या दिवसानंतर गेलाच नाहीत."

"बरं," भाऊ म्हणाला.

खोट्या निरोपाबद्दल साहेबांनी खरमरीत तंबी दिली. भाऊने ती ऐकून घेतली.

रविवारी बायकोने घड्याळाला चामडी पट्टा लावून दिला. मास्तरांची बायको स्वेटर उसवत बसली होती. बसा म्हणाली, चहा टाकला, मुलांचं सांगितलं. मग विचारलं, "लाइनवर काय नवीन?" भाऊने सांगितलं. माळावर कोणीतरी तारेचं कुंपण घातलंय. वरच्या चेंबरमध्ये बेडकं शिरलीत. एक झाकण बदललं. ती लोकर गुंडाळत ऐकत होती. मधेच म्हणाली, "हे जेवताना असंच सगळं सांगायचे. आता ताटावर बसलं की घर कसं मुकं होतं. येत जा भाऊ, जमेल तसं."

"येईन," भाऊ म्हणाला.

जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर तो थांबला आणि त्याने कठडा धरला.

"काय झालं?" बायको मागे वळली.

"गुडघा दुखतोय."

"आत्ता? अहो, पडलात त्याला चार दिवस झाले!"

"हो," भाऊ म्हणाला. "चांगलाच दुखतोय."

तिने त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि एकेक पायरी करत दोघं खाली उतरू लागली.