बोलक्या डब्याची भवानी

गल्ल्याची किल्ली आमच्या घराण्यात वय बघून मिळत नाही. तशी मिळत असती तर ती मला केव्हाच मिळाली असती. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, नवी पेठेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात मिसरूड फुटल्यापासून बसतो, आणि वडील, म्हणजे अप्पा, मला चाळिशी उलटली तरी महिन्याचा हातखर्च देत असत. किल्ली त्यांच्या करदोट्याला असायची. अंघोळीलाही ती त्यांच्याबरोबर जायची. (देवळातसुद्धा मी ह्यांच्याबरोबर एवढी जात नाही, अशी माझी आई तक्रार करायची.)

मग दोन वर्षांपूर्वी लग्नसराईच्या तोंडावर अप्पा एकदम म्हणाले, "शिवा, अक्कलकोटच्या पाटलांचा बस्ता येलालाय."

बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत. नवरीच्या शालूपासून आचाऱ्याच्या टॉवेलपर्यंत. गाडीभर माणसं येतात, गादीवर मांडी घालून बसतात, आणि संध्याकाळी उठतात तेव्हा दुकानदाराचा हंगाम निघालेला असतो. पाटील तीन पिढ्या आमच्याकडंच येत होते.

"थोरल्या पोरीचं लगीन हाय," अप्पा म्हणाले. "हा बस्ता तू काढायचा. मी नुसता बसणार. जमलं तर किल्ली तुझी."

त्या दिवशी मी घरी जाताना मिठाई घेऊन गेलो. बायको सुवर्णा म्हणाली, "बस्ता झाला का?" मी म्हटलं, "होणार आहे." तिनं पुडा फळीवर ठेवला आणि म्हणाली, "मग तवाच खाऊ."

आता ॲपबद्दल. ते मी निव्वळ कुतूहलापोटी घेतलं. तेव्हा असल्या खेळांवर बंदी नव्हती आणि मोबाइल उघडला की कुणीतरी नटूनथटून मला खेळायला बोलवायचंच. आत तीन खिडक्या होत्या. बटण दाबलं की खिडक्यांतून फळं गरगरायची, आणि तीन लिंबं एका ओळीत थांबली की पैसे. आम्ही आयुष्यभर लिंबं दुकानाच्या दाराला बांधली, पण त्यांनी कधी दमडी दिली नव्हती. शिवाय दुकानात एक नोट इकडची तिकडं करायची तर मला अप्पांना विचारावं लागायचं. इथं अंगठा टेकला की नाणी खळखळत आणि ‘कशाला?’ असं कुणीच विचारत नसे. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं.

पण मी आंधळेपणानं खेळलो, असं कुणी समजू नये. मी व्यापारी माणूस आहे. मी विचार केला. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. अप्पा भवानीच्या गिऱ्हाइकाला कधी रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. वेळप्रसंगी खरेदीच्या भावात देतील, पण परत पाठवणार नाहीत, कारण भवानी गेली की दिवस गेला. मग हा ॲपवाला तरी कोण? त्यानंही दुकानच टाकलंय की. त्यालाही सकाळी भवानी लागत असणार. म्हणजे आपण सगळ्यांच्या आधी, अगदी सकाळी सकाळी गेलो, तर तो आपल्याला हरवेल कसा?

(हा हिशेब मी सुवर्णाला आजतागायत पूर्ण समजावून सांगू शकलेलो नाही. ती मध्येच उठून जाते.)

गंमत म्हणजे तो खरा ठरला. पहिल्या सकाळी लिंबं आली. दुसऱ्या सकाळी घंटा आल्या. ॲपनं विचारलं, जिंकलेले पैसे कुठं पाठवू? मी दुकानाचा नंबर दिला. जिंकलेला पैसा दुकानात जावा, एवढी घराण्याची चाड मला होती.

त्या नंबरला जोडलेला एक बोलका डबा आमच्या गल्ल्यावर असतो. गिऱ्हाइकानं मोबाइलवरून पैसे टाकले की आतली बाई ते मोठ्यानं सांगते. त्या सकाळी अप्पांनी शटर वर केलं, उदबत्ती लावली, आणि दुकानात चिटपाखरू नसताना बाई म्हणाली, "एकशे एक रुपये प्राप्त झाले."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "कुणी टाकलं?"

मला खरं सांगता आलं असतं. पण किल्लीला महिनाभर उरलेला आणि मी जुगाराचे पैसे म्हणून सांगू? "नाव दिसत न्हाय, अप्पा," मी म्हणालो.

अप्पांनी थोडा विचार केला. मग त्यांनी टोपी नीट केली, डबा दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला आणि परत जागेवर ठेवला. "सिद्धरामानं भवानी केली," ते म्हणाले. सिद्धराम म्हणजे आमचं सोलापूरचं ग्रामदैवत.

दुसऱ्या दिवशीही झाली. तिसऱ्याही. अप्पांनी डब्याला हळदीकुंकू लावलं. मग झेंडूचं फूल. बाईचा आवाज जरा घोगरा येऊ लागला, पण ती बोलत राहिली. पंचाईत एवढीच झाली की खरं पहिलं गिऱ्हाईक आता दुसरं ठरू लागलं. शुक्रवार पेठेतल्या एक बाई खास भवानीच्या सवलतीसाठी सकाळी लवकर यायच्या. अप्पांनी त्यांना हात जोडले.

"भवानी झाली की आमची."

"आत्ता तर शटर उघडलंव की मालक. कुणी केली?"

अप्पांनी बोट वर केलं. बाईंनी वर पाहिलं. वर पंखा होता. त्या समोरच्या दुकानात गेल्या.

तरी लग्नसराई असल्यानं धंदा बरा चालला होता आणि अप्पा त्याचं सगळं श्रेय डब्याला देत होते. मलाही वाटू लागलं की आपण काही वाईट करत नाही. उलट बापाला म्हातारपणी साक्षात्कार घडवणारा मुलगा सोलापुरात दुसरा कोण होता?

इकडं ॲपमध्ये मी मोठा माणूस झालो होतो. माझ्या नावावर चाळीस हजार दिसत होते. फक्त ते काढता येत नव्हते. काढायला गेलं की पाटी यायची: आधी आणखी खेळा. खेळलं की पाटी यायची: आधी आणखी भरा. सुट्टे शंभर-दोनशे तेवढे ते सोडत होते, आणि मग एके दिवशी तेही सोडेनात.

तो बस्त्याचा आदला दिवस होता. डबा बोलला नाही. अप्पा गादीवर गप्प बसून राहिले. एक माणूस टॉवेल मागायला आला, त्याला ते म्हणाले, "थांबा जरा. भवानी व्हायची हाय."

"मीच करतो की भवानी."

"तुमची नको."

तो माणूस टॉवेलविना गेला. दुपारपर्यंत आणखी कितीतरी गेले. समोरच्या दुकानाचा मालक पायरीवर उभा राहून हे सगळं मायेनं बघत होता. मी घाबरलो आणि व्यापाऱ्यासारखा विचार केला. मोठ्या गिऱ्हाइकाला कुणी नाराज करत नाही, तेव्हा आपण मोठं गिऱ्हाईक व्हावं. खात्यात होता नव्हता तो सगळा हातखर्च मी ॲपमध्ये भरला. ॲपनं आभार मानले.

बस्त्याच्या दिवशी पाटील मंडळी सकाळीच आली. क्रूझर गाडीतून इतकी माणसं उतरली की शेवटचा उतरेपर्यंत पहिल्याचा चहा संपला होता. थोरले पाटील लोडाला टेकले, पाटलीणबाई शांताक्का पोरीला घेऊन शालूंच्या कपाटासमोर बसल्या. मी पहिला शालू काढायला हात घातला.

"शिवा, थांब," अप्पा म्हणाले.

"अप्पा, बस्ता हाय."

"म्हणूनच. महिनाभर सिद्धरामाची भवानी होतीय. आज ती चुकवून पोरीच्या लग्नाचा शालू काढू? काई अपशकुन झाला तर?"

पाटलांना ते पटलं, हीच अडचण झाली. ते भाविक माणूस. त्यांनी डब्याला नमस्कार केला आणि सगळे डब्याकडं बघत बसले. मी "आलोच" म्हणून ट्रायल रूममध्ये शिरलो आणि पडदा ओढला.

ॲप पैसे सोडेना. त्यात मदतीसाठी एक बाई असायची, म्हणजे तिचं लेखी बोलणं असायचं. मी लिहिलं, "ताई, सकाळची वेळ आहे. भवानी करून टाका." तिनं उत्तर दिलं, "प्रिय ग्राहक, आणखी पाचशे भरा." मी लिहिलं, "मालकाशी बोलायचंय. तोही धंदेवालाच असेल, समजून घेईल." उत्तर आलं, "प्रिय ग्राहक, आणखी पाचशे भरा." एवढा ठाम दुकानदार मी नवी पेठेतही पाहिलेला नाही.

बाहेर भवानी अजून झाली नाही का, असं शांताक्का अप्पांना कानडीत विचारत होत्या, "येन्री, इन्नू आगिल्लेनु?"

"बर्तद, बर्तद. येलालाय," अप्पा त्यांना धीर देत होते.

मग पाटलांचा आवाज आला. "मालक, तवर पोरं समोर जरा बघून येतील. नुसतं बघायला."

नुसतं बघायला गेलेला बस्ता परत येत नाही, हे कापड धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या खात्यात रुपया नव्हता. मी सुवर्णाला फोन लावला.

"दुकानाच्या नंबरवर एकशे एक टाक. आत्ताच्या आत्ता."

"कशाला?"

"भवानीला."

"कुणाच्या?"

"सिद्धरामाच्या."

"म्हणजे महिनाभर ते तुमीच करलालाव व्हय?"

"तू टाक आधी. पाटील उठलालेत."

"थांबा, आधी रुपया टाकून बघते. नंबर बरोबर हाय का न्हाय ते."

बाहेर डबा म्हणाला, "एक रुपया प्राप्त झाला."

"झाली," अप्पा म्हणाले, आणि गादी पुन्हा भरल्याचा आवाज आला. उठलेले पाटील बसले. उरलेले शंभरही आले. मी घाम पुसला. आता मी पडदा सारून बाहेर यायचं, शालू उलगडायचे आणि संध्याकाळी किल्ली घ्यायची, एवढंच काम शिल्लक होतं.

मी तसं केलं नाही. ॲपमध्ये ते चाळीस हजार पडून होते. मनात आलं, आत्ता नशीब फिरलंय, एकदाच बघू. एकदाच बघितलं. मग दुसऱ्यांदा, पहिल्याची भरपाई म्हणून. बाहेर कपाटं उघडल्याचे, कानडी बोलल्याचे, हसल्याचे आवाज येत होते. मला वाटलं, अप्पा सांभाळतायत.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. शांताक्कांना पोरीला ब्लाउज घालून बघायचा होता. त्यांनी पडदा ओढला. मी स्टुलावर बसलो होतो, जीभ दातांत धरून. तीन खिडक्यांत फळं फिरत होती. शांताक्कांच्या मागं नवरी होती, तिच्या मागं पाटील, आणि त्यांच्या मागं अप्पा.

"काय करलालास?" अप्पांनी विचारलं.

"भवानी करलालो, अप्पा."

खिडक्या थांबल्या. एक लिंबू, एक घंटा, एक कलिंगड. शिल्लक शून्य झाली. अप्पांनी फोनकडं पाहिलं, गल्ल्यावरच्या डब्याकडं पाहिलं, त्यावरच्या झेंडूच्या फुलाकडं पाहिलं. "म्हणजे सिद्धराम ट्रायल रूममध्ये बसतोय व्हय," ते म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की मी स्टुलावरून उठायचंसुद्धा विसरलो. नवरीला ब्लाउज घालायचा होता, तेव्हा तिनंच मला उठायला सांगितलं.

बाहेर येऊन पाहतो तर गादीवर शालूंच्या ढिगाऱ्यात सुवर्णा बसलेली. रुपया पाठवून ती रिक्षा करून तशीच आली होती. तिचं माहेर अक्कलकोटकडचं. शांताक्कांच्या मामेबहिणीचं गाव आणि तिच्या मावशीचं गाव एकच निघालं होतं आणि तेवढ्यावर अर्धा बस्ता उरकला होता. उरलेला तिनं माझ्यासमोर काढला. आचाऱ्याच्या टॉवेलपर्यंत.

मी तिला हळूच म्हटलं, "सुरुवातीला खरंच देत होता तो."

"दिलंच असणार की," ती घड्या घालत म्हणाली. "पाटील आल्या आल्या आपण चहा पाजला, तो काय फुकट होता?"

ते खरं होतं. आलेल्याला आधी काहीतरी पाजायचं, मग माल दाखवायचा, हे मी पंचवीस वर्षं रोज करतोय. मलाच कुणी तसा चहा पाजतंय, हे कळायला मला बायको लागली.

संध्याकाळी पाटलांची गाडी गाठोड्यांनी भरून गेली. अप्पांनी डब्यावरचं फूल काढलं, कुंकू पुसलं. मग करदोट्याची किल्ली सोडली. मी आशेनं पुढं झालो, हेही सांगायला हवं. त्यांनी ती माझ्या अंगावरून पलीकडं सुवर्णाच्या हातात ठेवली.

"सूनबाई, आजपासनं गल्ला तुझा," ते म्हणाले. "ह्याचा हातखर्च बी तूच दे."

तेवढ्यात माझा फोन वाजला. ॲपचा निरोप होता: अभिनंदन, आजपासून आपण आमचे व्हीआयपी सभासद आहात. कामाच्या जोरावर मला मिळालेली ती पहिलीच बढती. मी ती सुवर्णाला दाखवली. तिनं शांतपणे निरोप वाचला, फोन माझ्या हातातून घेतला, गल्ल्यात ठेवला आणि किल्ली फिरवली.