बंद बाल्कनीतला पारा

आमचा टेम्पो गिरगावातून निघाला तेव्हा आप्पा गॅलरीतून खाली उतरलेच नाहीत. आई आधीच गेली होती, ते एकटेच मागे राहिले. एका खोलीत मुलं मावेनात, म्हणून आम्ही मीरा रोडला फ्लॅट घेतला होता. निघताना मी आप्पांच्या पाया पडलो, तर त्यांनी हातात थर्मामीटर ठेवला. जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस! म्हणाले, "त्या खाजणात उकाडा किती ते मोज. वर्षभराचा आलेख दाखव, मग बघू."

मीही त्यांचाच मुलगा. पूनम सागर या आमच्या नव्या बिल्डिंगमध्ये, फ्लॅटच्या बाल्कनीत खिळा ठोकून थर्मामीटर टांगला. सकाळचं तापमान मी टिपायचो, दुपारचं माझी बायको सुनंदा. महिनाअखेर सरासरी काढायची, आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायचा आणि कागद पोस्टात टाकायचा. थंडीत रेषा अशी सुरेख उतरली, की आता आप्पा येणार याची मला खात्रीच वाटली. त्यांच्या खाटेसाठी मी बाल्कनी आत घेतली. ग्रिल, वर सरकत्या काचा, बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी केलं तसंच.

मार्चपासून रेषा भलतीच वर चढली. मी शहाण्यासारखे आकडे होते तसे पाठवले. आप्पांचं कार्ड आलं, "भट्टीत राहायला कशाला येऊ?"

शेवटी शेजारचे शहाभाई थर्मामीटर बघून हसले. "अरे भाई, काच के अंदर टांगोगे तो पापड़ भी सिक जाएगा!"

स्वतःच्या मूर्खपणाची एवढी चीड कधी आली नव्हती. थर्मामीटर जिन्याच्या खिडकीबाहेर सावलीत लावला. नवे आकडे, जुनी चूक, सगळं चार पानी पत्रात समजावलं. उत्तर आलं, "सोयीचे आकडे मला पाठवू नकोस."

सुनंदा वैतागली. "अहो, सरळ 'या' म्हणा ना! तक्ते कसले पाठवताय?"

"आलेख त्यांनीच मागितलाय," मी तिच्यावरच खेकसलो. पुढचे आलेखही नेमाने पाठवत राहिलो.

वर्ष भरायच्या आतच आप्पा गेले. खोली आवरताना फाइल सापडली. माझे सगळे आलेख महिन्यांप्रमाणे लावलेले. माझ्या चार पानी पत्राखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, "बाल्कनी बहुतेक माझ्यासाठीच बंद केली. पण चार पानांत 'या' कुठेच नाही."

ते एकदा स्वतःहून 'येतो' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? आणि मी? माझ्यासारखे जे बोरिवलीच्या पुढे राहायला आलात, त्या तुम्हाला सांगतो, मागे कोणी असेल तर आलेखबिलेख काढत बसू नका. मीरा रोड हेच आता माझं घर. फक्त ज्यांच्यासाठी ते वाढवलं, त्यांना बोलवायचं तेवढं राहून गेलं.