आइस्क्रीमवाली कॉफी

कॉफीच्या दुकानात माझ्यापुढचे आजोबा बायकोला म्हणाले, “मला आइस्क्रीमवाली सांग.” तिने हसून तीच सांगितली.

आमच्या ह्यांनीही गेल्या उन्हाळ्यात तीच मागितली होती. “साखर वाढेल तुमची,” म्हणत मी त्यांना बर्फातली काळी कॉफी दिली आणि स्वतः मात्र आइस्क्रीमवाली घेतली. पंधरवड्यात ते झोपेतच गेले. माणूस गेलं तरी त्याला दिलेला नकार घरात वावरत राहतो.

“काकू, तुम्हाला कोणती?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

मी आयुष्यात पहिल्यांदाच काळी मागितली. पहिल्याच घोटाला जीभ आखडली. एवढी कडू कॉफी ते माझ्यासमोर बसून, गप्पा मारत, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले होते.