झुलालचा हूक

मला चौकशीची खोड आहे, हे आधीच सांगून टाकते. धुळ्याच्या मार्केट यार्डात माझी चहाची टपरी. कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणत्या अडत्याचा जावई रुसला, सगळं बेबाबाईला विचारावं. पण एक माणूस काही माझ्या हाती लागला नाही. नूर महंमद, हमालांच्या टोळीचा मुकादम. युनियनचा पुढारीच म्हणा, पण त्याला भाषण करताना कुणी पाहिलेलं नाही. काही विचारलं की म्हणायचा, "अक्का, चहा दे." चहा बशीत ओतून प्यायचा आणि चालू लागायचा. मी आपली तोंडाकडे बघत राहायची.

पाठीवर पोतं असलं तर विचारूच नका. यार्डात रीतच आहे, ओझ्याखालच्या माणसाला कुणी हाक मारायची नाही, आणि मारली तरी त्याने थांबायचं नाही, बोलायचं नाही. श्वास तुटला की पाय तुटतो म्हणतात. नवी पोरं हसतखिदळत पोती नेतात आणि मधेच टेकवतात. नूरभाऊने मात्र उचललेलं पोतं थप्पीला लागेपर्यंत कधी खाली ठेवलं नाही. उभ्या आयुष्यात त्याच्या हातून एकही पोतं पडलेलं नाही, असं जुने हमाल सांगायचे. मला ते खरं वाटायचं नाही. म्हणून मी लक्ष ठेवून असायची. नाहीच पडलं हो.

करोनाच्या पहिल्या साली हायवेवरून माणसं पायी निघाली होती, मुंबईकडून वर, आपापल्या मुलखाला. नूरभाऊने युनियनच्या खोलीत चूल मांडली. माझी टपरी बंदच होती, मला म्हणाला, अक्का, चहा नाही तर खिचडी कर. हमाल पातेली घेऊन हायवेला उभे राहायचे. मी एकदा गेले बघायला, तर हा गडी एका अनोळखी बाईच्या डोक्यावरचं गाठोडं घेऊन तिच्या सोबत चाललेला. कुठपर्यंत जाणार, विचारलं, तर बोलेना. ओझं होतं ना डोक्यावर! बऱ्याच उशिराने परत आला आणि खिचडी मागितली.

दुसऱ्या साली उन्हाळ्यात मात्र आपल्यावरच आलं. यार्ड चालू होतं, धान्य थांबत नाही, पण टोळ्या अर्ध्या झाल्या. युनियनच्या खोलीबाहेर मी सगळ्यांसाठी काढा उकळत बसायची. माझ्या समोरच भिंत, आणि भिंतीवर खिळ्यांची रांग. प्रत्येक हमालाचा एक खिळा. पोत्याला अडकवायचा लोखंडी हूक संध्याकाळी तिथे टांगायचा आणि सकाळी उचलायचा. कामावर असला तर हूक माणसाच्या हातात, आजारी पडला किंवा गावाला गेला तर हूक खिळ्यावर. आणि माणूस गेला, तर टोळी हूक उतरवून त्याच्या घरी देते. त्या भिंतीकडे बघितलं की कोण कुठे आहे ते कळायचं. कौतिकभाऊचा हूक त्याच महिन्यात उतरला होता. मी त्या रिकाम्या खिळ्याकडे पाठ करून बसत असे, पण पातेलं ढवळताना मान वळायचीच.

मग झुलाल आजारी पडला. देवपूरचा झुलाल, टोळीतला सगळ्यात बोलका माणूस. त्याला दवाखान्यात नेलं आणि त्याची बायको सुंदरबाई घरात अडकली. गल्लीला पत्रे ठोकलेले. घरात एकच फोन, तोही झुलालसोबत गेलेला, आणि तिकडे तो हरवला. दवाखान्यात कुणाला आत सोडत नव्हते. युनियनने एक केलं, रोज एक माणूस दवाखान्याच्या गेटवर, आत पाठवायला झुलालचा डबा घेऊन. दुसरा माणूस देवपूरला जाऊन पत्र्याच्या अलीकडून शिध्याची पिशवी सरकवायचा आणि ओरडून सांगायचा, झुलाल बरा आहे. सुंदरबाई ऐकून घ्यायची. पण कौतिकच्या बायकोलाही शेवटपर्यंत "बरा आहे" असंच सांगत होते, हे तिला ठाऊक होतं.

आता माझी खोड ऐका. झुलालचा हूक खिळ्यावर असायला हवा होता, आणि संध्याकाळी तो असायचाही. पण सकाळी मी चूल पेटवून मान वर करावी, तर खिळा रिकामा! रोज. माणूस दवाखान्यात आणि त्याचा हूक कामाला जातो, ही काय भानगड? कोण नेतं म्हणून मी पाळत ठेवली. एकदा अमृत नेताना दिसला, टोळीतला तरणा गडी. दुसऱ्या दिवशी बघते तर चंदन. अमृतला विचारलं, तो नुसता हसला. मला वाटलं, झालं, झुलालची जागा कुणाला तरी द्यायचं ठरलंय आणि माणसं पारखून बघताहेत. जिवंत माणसाच्या जागेवर! माझा असा संताप झाला म्हणून सांगू. नूरभाऊला चहाच्या निमित्ताने धरावं, तर नेमके रोज्याचे दिवस. तो दिवसभर पाण्याचा घोट घेत नव्हता, तर माझा चहा कुठला घेणार?

अशात एका दुपारी सुंदरबाई यार्डात आली. गल्लीचे पत्रे सकाळी काढले होते. पांझरेचा पूल ओलांडून भर उन्हात चालत आली होती, तोंडाला पदर लावून. दवाखान्याच्या गेटवर आधी गेली होती, तिथून तिला हाकललं होतं. सरळ भिंतीपाशी गेली आणि झुलालच्या खिळ्यावर हात ठेवला. खिळा रिकामा होता.

ती तिथेच खाली बसली. रडली नाही. हात कपाळाकडे नेला, कुंकू पुसायला, आणि मी पळी टाकून तिचा हात धरला. म्हटलं थांब ग बाई, तसं नाही, संध्याकाळी असतो इथे. पण मला तरी काय माहीत होतं? हूक संध्याकाळी परत येतो म्हणजे माणूसही येईल, हे मी कशाच्या जोरावर सांगणार?

तेवढ्यात समोरून नूरभाऊ आला. पाठीवर मक्याचं पोतं, मान खाली, घाम गळतोय. सुंदरबाई उठली आणि त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली. तो बाजूने निघाला. ती त्याच्याबरोबर चालू लागली आणि एकच विचारत राहिली, "नूरभाऊ, तो शे का नही?" यार्डातली माणसं थबकली. ओझ्याखालच्या माणसाला असं कुणी विचारत नाही. थप्पी अजून बरीच लांब होती.

नूरभाऊ थांबला. खांदा झटकला आणि पोतं धाडकन खाली टाकलं. शिवण उसवली, मका रस्त्यावर पसरला. मी तोंडावर हात ठेवला. तो धापा टाकत होता, ओठ कोरडे पडलेले, पण बोलला. "शे. झुलाल जित्ता शे. सकाळना डबा रिकामा परत ऊना." आणि हातातला हूक तिच्यापुढे धरला. दांड्याला निळी चिंधी बांधलेली. ती चिंधी सुंदरबाईनेच आपल्या जुन्या लुगड्याची फाडून दिली होती.

मग सगळं बाहेर आलं. टोळीतला एकेक जण पाळीने झुलालचा हूक घेऊन काम करत होता. ज्याच्या हाती तो हूक, त्याची त्या दिवसाची मजुरी झुलालच्या घरी. त्या दिवशी पाळी मुकादमाची होती. मी चिडून विचारलं, अरे, मग सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, झुलालचा हूक कामावर आहे म्हणजे झुलाल कामावर आहे, त्यात सांगायचं काय? अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं!

सुंदरबाई मक्याशेजारी बसली आणि तेव्हा कुठे रडली. रडता रडताच ओंजळीने दाणे गोळा करू लागली. मीही बसले. पोतं भरलं, नूरभाऊने सुतळीने टाके घातले. पाठीवर चढवायला दोन माणसं लागतात आणि बाकीचे थप्पीकडे गेलेले. एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने सुंदरबाईने. त्याने पाठ दिली आणि मुकाट निघाला.

झुलाल पाऊस सुरू झाल्यावर घरी आला. पार वाळला होता, दोन वाक्यं बोलून दम लागायचा. सुंदरबाई त्याला धरून यार्डात घेऊन आली, टोळीला भेटायला. त्याने आल्याआल्या भिंतीकडे पाहिलं. सकाळची वेळ, खिळा रिकामा. त्याचा चेहराच उतरला. भिंतीला टेकून तो आमच्याकडे बघू लागला, पण विचारायचं धाडस होईना. मी सांगणारच होते, पण सुंदरबाईने मला कोपर मारलं.

ती त्याला म्हणाली, "घाबरू नका. तुमना हूक कामवर शे."