पंतांचं धोतर आणि खिडकीतलं यंत्र

राधाकृष्णपंतांचा कशावर म्हणून चटकन विश्वास बसायचा नाही. गवळ्यानं दूध घातलं की आधी बोट बुडवून बघणार. देवळातलं तीर्थसुद्धा हुंगून मगच तोंडात! बेलापूरजवळच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत ते सुमंत इंजिनिअरांकडे स्वयंपाकाला होते. त्याआधी सुमंतांच्या वडिलांकडे होते. बायको इंदू हाताशी असायची, ती चौदा वर्षांपूर्वी ऐन श्रावणात तापानं तीन दिवसांत गेली. देवाची मर्जी, पंत म्हणाले, आणि पुन्हा चुलीपुढे उभे राहिले.

सोवळं मात्र कधी मोडलं नाही. पावसाळ्यात धोतर वाळलं नाही तर ओलेत्यानंच स्वयंपाक करायचा, अंगावरच ते वाळू द्यायचं. त्यानं छाती पार खिळखिळी झाली. डॉक्टरांनी शेवटी निक्षून सांगितलं, "पंत, आता एकदा जरी ओलेत्यानं उभे राहिलात, तर मला बोलवायला येऊ नका."

आणि अठ्ठेचाळीसच्या त्या श्रावणात आठ दिवस झड लागली. मीठ पाझरलं, काड्यापेट्या सादळल्या, पापड लोळागोळा झाले. दोन दिवसांवर सुमंतांच्या वडिलांचं श्राद्ध. तो स्वयंपाक पंत दुसऱ्या कुणाला करू देतील? छे!

"धोतर सुचित्राच्या खोलीत वाळत घाला," सुमंत म्हणाले. सुचित्रा म्हणजे त्यांची बायको. तिच्या दम्यासाठी उन्हाळ्यात मुंबईहून हवा थंड करायचं यंत्र आणून खिडकीत बसवलं होतं, ते पावसाळ्यातही चालू असायचं. "त्या खोलीत काडी पहिल्या झटक्याला पेटते, पंत. बघा तरी."

पंतांनी यंत्राकडे आधीच वाकड्या नजरेनं बघितलं होतं. मागच्या ओसरीत त्याच्या बुडातून पाणी गळायचं, खाली बादली ठेवलेली. आत कुणी थेंब ओतत नाही, मग हे पाणी येतं कुठून? आणि कुणाच्या हातचं? तरी नाइलाजानं त्यांनी काठीनं धोतर खोलीतल्या उंच वलणीवर टाकलं. संध्याकाळी बघतात तर कोरडं ठणठणीत! बाहेर पाऊस कोसळतोय आणि हे वाळतंय? पंतांचं माथंच भडकलं.

"छबू! धोतर काढून शेगडीवर धरलंस ना? शिवलीस ना त्याला?"

छबूबाई घरात झाडलोट, धुणीभांडी करायची. तिच्या हातातली केरसुणी खाली पडली. "देवाशपथ न्हाई वो, काका! धा वरसं हुतील मला हितं, कवा तुमच्या वलणीला हात लावला व्हय?"

"आणि बादलीत पाणी कोण ओततं?"

"मी वततीय? मी तर रोज उचलून टाकून टाकून मेले!" तिचे डोळे भरून आले. पंतांना ते नाटक वाटलं. आता काय म्हणावं या माणसाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धोतर पुन्हा धुतलं, स्वतः वाळत घातलं, सुचित्राला माजघरात बसवून खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली जानव्याला बांधली. बादली रिकामी करून पुन्हा जागेवर ठेवली आणि समोर पाट टाकून बसले. बघू कोण येतंय ते! कुणी आलं नाही. थेंब मात्र पडत राहिला. जेवायलासुद्धा ते उठले नाहीत. चारच्या सुमारास बादली अर्धी झाली.

त्यांनी कुलूप काढलं. धोतर कोरडं होतं.

सुमंत कारखान्यातून आले तेव्हा पंत अजून बादलीपाशीच होते. "सुमंत, खरं सांग. हे पाणी कुठलं?"

"खोलीतल्या हवेतलं. आत गार नळ्या आहेत, दमट हवा त्यांना लागली की ओल तिथं धरते आणि गळून बाहेर पडते. हवा कोरडी झाली म्हणून तुमचं धोतर वाळलं. त्याचंही पाणी यातच आलं की."

छबूबाई नेहमीप्रमाणे बादली उचलायला आली, तशी पंतांनी हात आडवा केला.

"छबू, माझं चुकलं गं. उगाच तुझ्यावर आळ घेतला."

"असू द्या, काका. टाकू का पानी?"

"थांब." बादलीत बघता बघता त्यांना रडू फुटलं, छबूबाई घाबरून मागे सरली. "ताप चढला त्या सकाळी इंदू मला म्हणाली होती, कणकण वाटतेय, आजच्या दिवस कोरडं नेसू का. ते पारोसं होतं. मी म्हटलं, नाही. लुगडं पिळून तेच नेस. एवढंसं तर पाणी असेल गं त्या लुगड्यात. जगावर संशय घेतला मी, त्या पाण्यावर कधी घेतला नाही."

दुसऱ्या दिवशी श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनी कोरड्या धोतरानं केला. एकदाही खोकला आला नाही. पानं वाढून झाल्यावर त्यांनी चुलीपाशी, इंदू हाताशी असायची तिथं, एक पान जास्तीचं मांडलं, आणि कुणासाठी ते सुमंतांनी विचारलं नाही.