एका गुडघ्याला तीन बदल

माझा उजवा गुडघा वाजायला लागला तेव्हा मी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. काळेवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहायचं, इमारतीला लिफ्ट नाही, आणि चाकणच्या कारखान्यात आठ तास सिमेंटच्या जमिनीवर उभं राहायचं. एवढं झाल्यावर त्याने गप्प बसावं ही अपेक्षाच चूक होती. पण एका सकाळी कंपनीच्या बसची पायरी चढताना मी दांडीला लटकून राहिले आणि मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, ढकलू का?" तेव्हा मनावर घेतलं.

मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. ब्रेकमध्ये बसणारा एक भाग आमच्याकडे तयार होतो. तो शेवटी माझ्या टेबलावर येतो. मी त्याला मापाचं गेज लावते, उजेडात फिरवून बघते आणि पसंत पडला तर खोक्याच्या चिठ्ठीवर शिक्का मारते. शिक्क्यावर माझा नंबर आहे. तो नसेल तर खोकं गेटच्या बाहेर जात नाही. घरात माझं फारसं कुणी ऐकत नाही, त्यामुळे त्या शिक्क्यावर माझा जीव आहे.

आमचा सुपरवायझर माझ्या मुलाच्या वयाचा. तो एकदा टेबलापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, तुम्हाला स्टोअरला टाकू का? खुर्ची आहे, पंखा आहे."

"मी काय मोडकी ट्रॉली आहे का, स्टोअरला टाकायला?"

"तसं नाही हो. पण तुम्ही टेबल धरून उभ्या राहता ते साहेबांनी बघितलंय. दिवाळीपर्यंत थांबतो. मग मात्र बदल करावा लागेल."

तेव्हा श्रावण लागत होता. म्हणजे हातात जेमतेम तीन महिने.

चिंचवडच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, आणि मी नापास भागाकडे बघते तसे ते त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, झीज आहे, वयाप्रमाणे आहे. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, दहा मोजायचे, खाली ठेवायचा, हे सकाळ-संध्याकाळ. वजन थोडं कमी करा. मी विचारलं, ते माशाच्या तेलातलं ओमेगा थ्री म्हणतात त्याच्या कॅप्सूल घेऊ का? ते म्हणाले, "घ्या. काहींना बरं वाटतं, काहींना काहीच वाटत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू नाही ना? मग घ्या. पण व्यायाम माझा, कॅप्सूल तुमची."

ही बातमी निगडीला पोचायला एक दिवस लागला. निगडीला माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. गळ्यात तुळशीची माळ, हातात भलीमोठी पिशवी. गेल्या वर्षापासून त्या पूरक आहाराचे डबे विकतात. आल्या त्या थेट मुद्द्यावर आल्या.

"ह्ये घे. माशाचं त्याल. सांध्याला वंगाण."

"जाऊबाई, तुम्ही माळकरी. माशाचं तेल विकता?"

"इकते. खाते कुठं? दारूच्या दुकानात बसनारा समदीच पितो व्हय?"

"आणि तुमच्या गुडघ्यांना काय घेता?"

"माझ्यासाठी जवसाच्या त्यालाची गोळी हाय येगळी. त्यातबी त्येच असतंय."

"जवसाची चटणी तर आपल्या घरात रोज असायची."

"चटनीला डबा नसतो," जाऊबाई म्हणाल्या. मी डबा ठेवून घेतला.

कॅप्सूल पिवळी, पारदर्शक, अंगठ्याच्या पेराएवढी. सकाळी चहाबरोबर गिळली. सहाच्या बसमध्ये बसले आणि तळेगाव रस्त्याच्या खड्ड्यांनी आपलं काम केलं. ढेकर आला. शेजारी पॅकिंगमधली बाई होती. तिने नाक वर केलं, मग माझ्याकडे बघितलं.

"श्रावणात?" ती हळूच म्हणाली.

"औषध आहे."

"आमचे हे पण औषधच म्हणतात."

त्यानंतर महिनाभर त्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी असायची. गुडघा लांब करून बसता यायचं. हा फायदा कुठल्याही डब्यावर लिहिलेला नाही.

त्याच आठवड्यात कारखान्यात गिऱ्हाईक कंपनीचे लोक पाहणीला येणार होते. साहजिकच भिंतींना रंग लागला, कुंड्या आल्या, आणि माझ्या टेबलाखाली जाड रबरी मॅट अंथरली गेली. मी तिच्यावर उभी राहिले आणि कामाला लागले. त्याच आठवड्यात डॉक्टरांचा व्यायामही सुरू झाला होता, टीव्हीसमोर, दहा मोजून.

पितृपक्षापर्यंत गुडघा निवळला. बसची पायरी मी दांडी न धरता चढले. मागून कुणी काही विचारलं नाही.

जाऊबाई खूश. चिंचवडला एका हॉलमध्ये त्यांच्या डबे विकणाऱ्या लोकांचा कार्यक्रम होता. "तू फकस्त माइकवर जाऊन सांगायचं, मला गुन आला. दोन मिन्टं."

"कशाने आला ते मला माहीत नाही."

"म्हंजी? खाल्लंस, गुन आला. आनकी काय म्हाईत करायचंय?"

इथे मला माझीच लाज वाटली. कारण मशीनवरच्या पोरांना मी याच गोष्टीवरून झाडते. माल बिघडला की ते घाईने टूल बदलतात, स्पीड बदलतात, कूलंटही बदलतात, आणि माल सुधारला की हात झटकून मोकळे. मी विचारते, कशाने सुधारला? ते दात काढतात. एका वेळी एकच बदल, हे मी त्यांना वीस वर्षं सांगत आले. आणि स्वतःच्या गुडघ्याला एका आठवड्यात तीन बदल करून बसले होते.

म्हणून मी कॅप्सूल बंद केल्या. मॅट तीच, व्यायाम तोच. जाऊबाईंना सांगितलं, महिनाभर बघते, मग बोलते.

"आगं, बरी हायेस तर गुमान ऱ्हा की. बऱ्या गुडघ्याला कशाला डिवचतीस?"

"तपासल्याशिवाय शिक्का मारत नाही मी."

दसरा गेला. गुडघा होता तसाच, ठीक. बसमध्ये शेजारी पुन्हा माणसं बसू लागली. माझ्या बाबतीत तरी कॅप्सूल निर्दोष सुटली: तिने काही बिघडवलंही नव्हतं, काही सुधारलंही नव्हतं. दुसऱ्या कुणाला येत असेल गुण, मी नाही म्हणत नाही.

मग गिऱ्हाईकाची दुसरी पाहणी आटोपली आणि दुसऱ्या दिवशी कुंड्या गेल्या. त्यांच्याबरोबर मॅटही गेली. चौथ्या दिवशी मी परत टेबल धरून उभी. दिवाळीला दोन आठवडे उरले होते, आणि सुपरवायझर लांबून बघत होता.

मी त्याला बोलावलं. "मॅट कुठेय?"

"ती ऑडिटची होती, मॅडम. स्टोअरला टाकली."

तशी मी जेवणाच्या सुट्टीत स्टोअरला गेले. कोपऱ्यात खुर्ची होती, पंखा होता, सगळं त्याने सांगितल्याप्रमाणे. खुर्चीवर माझी मॅट गुंडाळून ठेवली होती. मी स्लिप भरली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "इन्स्पेक्टर उभी राहण्यासाठी." स्टोअरवाला म्हणाला, असं कारण यादीत नाही. मी म्हटलं, मग यादीत घाला. आणि मॅट खांद्यावर टाकून निघाले.

"मॅडम, पुढच्या ऑडिटला लागेल ती," सुपरवायझर मागून म्हणाला.

"त्यांना येऊ दे ना. मी तिच्यावरच असेन."

मग त्याने मॅटचं दुसरं टोक धरलं.

दिवाळीनंतर पहिल्या दिवशी टेबलही तेच होतं आणि शिक्काही तोच. व्यायाम चालू आहे. तो बंद करून बघायची हिंमत मात्र झालेली नाही, त्यामुळे माझी तपासणी अजून अपुरीच आहे. हे मी जाऊबाईंना फोनवर सगळं सविस्तर सांगितलं.

"म्हंजी हॉलमदी न्हाई येनार तू."

"येते की. मॅटबद्दल बोलते."

"नगं," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, "जाड किती हाय गं ती? ओट्यापुढं बसंल का?"