कडुबादादाचा लिव्हर

लेथवर स्पीड लावण्यात कडुबादादाचा हात धरणारा शेंद्र्याच्या एमआयडीसीत दुसरा नव्हता. हे मी सांगतोय, धोंडिबा, वीस वर्षं त्याच्या शेजारच्या मशीनवर उभा असलेला. मेलेल्या माणसाला चांगलं म्हणायची रीत म्हणून नाय. दादा जिता हाय, आत्ताबी माझ्या पलीकडंच उभा हाय.

जाड गज आला की स्पीड कमी, बारीक आला की जास्त, एवढं कुणीबी शिकतं. दादा लिव्हर, म्हंजी स्पीडचा दांडा, लावायचा, मशीन सुरू करायचा अन् मुंडकं तिरकं करून आवाज ऐकायचा. कापणाऱ्या टूलखालून लोखंडाची साल निघते, तिला आम्ही चिप म्हणतो. ती पांढरी पडली की गडी खूश. निळी झाली की सोताला शिवी हासडायचा, कारण निळी म्हंजी टूल जळायला लागलं. शॉपमधी एक रीत होती: दुसऱ्याच्या लिव्हरला हात लावायचा नाय. डबा माग, बिडी माग, लिव्हर नाय.

सोळा सालचा दुष्काळ. पलीकडं फ्लॅटच्या नव्या इमारती उठत होत्या, टँकर सगळे तिकडं. आम्हाला आठवड्यातून एकदा पाणी. बोअर खोल गेले म्हणून पंपाच्या शाफ्टचं काम मात्र ढीगभर! शाफ्ट कापताना टूलवर तेलपाण्याची धार लागते, त्याला कूलंट म्हणतात. पाणीच नाय तर कूलंट कुठलं? दादानं गुपचूप लिव्हर मिनिटाला दोनशे पंचवीस फेऱ्यांवरून एकशे चाळीसवर आणला. दिवसाला चाळीस शाफ्ट निघायचे तिथं पंचवीस निघू लागले.

मालक आप्पासाहेब भडकले. “कडुबा, उद्या चाळीस दिसले नाय तर घरी बस.”

“मालक, कोरडं कापतोय. चिप तापून उडंल. एक कॅन पाणी द्या.”

“माणसाला प्यायला नाय अन् तुझ्या लोखंडाला पाजू व्हय?”

दुसऱ्या दिवशी दादा मशीन बंद करून पुन्हा ऑफिसात विनवायला गेला. माझं डोकंच सणकलं. घरी बायको चंपाबाई, दोन पोरी, अन् ह्या बाबाला टूलचा कळवळा! घरी बसवला तर खाणार काय? इकडंतिकडं बघितलं अन् त्याचा लिव्हर तीनशे साठवर टाकला. म्हटलं, पाच-दहा शाफ्ट झटक्यात निघतील, तवा त्याला कळंल की काय होत नाय. त्याची नोकरी वाचावी, एवढंच मनात होतं, आईशपथ.

दादा आला तो मान खाली घालून. आत लई बोलणी खाल्ली होती. लिव्हरकडं न बघता मशीन सुरू केली, असं पहिल्यांदाच झालं. टूल लागलं अन् आवाज बदलला. सवयीनं त्यानं मुंडकं तिरकं केलं, कान जवळ नेला. शॉपमधी डोळे झाकायचा चष्मा एकच, तो ग्राइंडरवाल्याकडं. निळी चिप सुटली ती थेट उजव्या डोळ्यात.

डोळा गेला. दवाखान्यात आप्पासाहेबांनी विचारलं, “स्पीड वाढवला कुणी?”

मी माठाकडं जाऊन गिलासात पाणी ओतू लागलो. दादाच बोलला, “मीच असंन मालक. तुमचं बोलणं डोक्यात होतं. हात चुकला.”

चंपाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. “अवं, तुमचा हात कसा चुकला वं!” ती रडत होती अन् मी तिला पाण्याचा गिलास देत होतो. थू माझ्या जिंदगीवर.

आता पाणी आलं. कूलंटची धार दिवसभर वाहती. दादाला त्याच मशीनवर हलकं काम दिलंय. पण रोज सकाळी मशीन सुरू करायच्या आधी तो मला हाक मारतो, “धोंडू, तेवढा लिव्हर लावून दे बाबा. माझा माझ्यावर भरवसा राह्यला नाय.”

मी जातो, लावतो. कधीतरी सांगून टाकावं म्हणतो. दादा उरलेल्या डोळ्यानं माझ्या बोटांकडं बघत राहतो.

“तुझा हात नाय चुकत,” म्हणतो, अन् मशीन सुरू करतो.